होडी उतरवायची कुठं?

आमची होडी चौदा फुटी आहे. फायबरची, जवळजवळ सपाट बुडाची. मागे लावायचं इंजिन, दोन वल्ही, नांगर, पाण्याचे कॅन आणि ट्रेलर असं सगळं धरूनही घरची गाडी तिला ओढू शकते. समुद्रात जायची तिची लायकी नाही, माझीही नाही. ती राहते कऱ्हाडात, परड्यात, ताडपत्रीखाली. पाऊस सरला आणि रस्त्यावरचे खड्डे थोडेफार बुजले की तिला गाडीमागे जोडायची, कुंभार्ली घाट उतरायचा आणि कोकणातल्या एखाद्या खाडीत सोडायची, हा माझा आणि माझ्या चिपळूणच्या मेहुण्याचा काही वर्षांपासूनचा उद्योग.

हेळवाकला चहाला थांबलं की कोणीतरी विचारतंच, "पाव्हणं, होडी घेऊन घाटात कुठं?" मेहुणा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "रस्ता खराब आहे ना, म्हणून पुढं पाण्यानं जाणार." लोक हसतात. पण ज्यांना पाणी कळतं ते असलं काही विचारत नाहीत. दाभोळच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं ट्रेलरभोवती चक्कर मारली, चाकं पाहिली, इंजिनाचं झाकण बोटानं वाजवलं आणि एवढंच विचारलं, "उतरवणार कुठं?" कोकणातल्या खाड्यांचं अर्धं दुखणं त्या प्रश्नात आलं.

होडीचं हे वेड मात्र मला कोकणात लागलेलं नाही. भाचा ब्रिस्टलला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना त्यानं केनेट अँड एव्हन कालव्यावर आठवडाभरासाठी एक होडी भाड्यानं घेतली. या होड्या सात फुटांहून किंचित अरुंद आणि पन्नास-साठ फूट लांब. कालव्याच्या लॉकमध्ये अशा दोन शेजारी-शेजारी शिरतात, मंडईच्या बोळात दोन एसट्या घालाव्यात तशा. वेग माणसाच्या चालीएवढा. काठावरून कुत्रं फिरवणाऱ्या बाई आम्हाला मागं टाकून निघून जात.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला विटा-दगडांचा हौद. वर चढायचं असेल तर खालच्या दारानं आत शिरायचं, ते लावून घ्यायचं आणि वरची झडप उचलून पाणी आत सोडायचं. हौद भरत जातो तशी होडी वर येते. एकदा भरायला दोन लाख लिटरच्या वर पाणी लागतं, पण पंप लागत नाही आणि वीजही नाही. झडप उचलायला काटकोनात वळवलेला एक लोखंडी दांडा असतो. तो आपला आपण कमरेला अडकवून बाळगायचा. दरवाजाच्या दोन फळ्या मिटल्या की उंच पाण्याकडे टोक करून उभ्या राहतात. त्यामुळे पाणी जेवढं रेटेल तेवढं दार घट्ट बसतं. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत दहा जण लागले तरी ते हलत नाही, आणि एक झाली की माझ्यासारखा पन्नाशीचा माणूस दाराच्या आडव्या वाशाला पाठ लावून ते एकटा उघडतो. पाय घसरू नये म्हणून तिथं जमिनीत विटांच्या उंचवट्यांच्या ओळी बसवलेल्या असतात, दार ज्या अर्धवर्तुळात फिरतं त्याच अर्धवर्तुळात. आधीच्या लोकांच्या बुटांनी त्या विटांच्या कडा गोल झालेल्या होत्या. दार कसं ढकलायचं ते भाच्यानं सांगण्याआधी त्या विटांनीच सांगितलं.

खाली उतरताना मात्र सावध राहावं लागतं. वरच्या दाराखाली पाण्यात एक दगडी उंबरा असतो. पाणी उतरत असताना होडीचा मागचा भाग त्यावर टेकला तर मागची बाजू अडकते, पुढची खाली जात राहते, आणि होडी बुडते. म्हणून भिंतीवर एक पांढरी रेघ मारलेली असते. तिच्या पुढं राहायचं, एवढा एकच नियम भाच्यानं दिवसातून चारदा ऐकवला.

डिव्हायझेस गावाजवळ या कालव्यावर एकामागून एक २९ लॉक आहेत. दोन मैलांत ७२ मीटर चढ. सकाळी शिरलं की बाहेर पडेपर्यंत दुपार कलते. हा कालवा १८१० मध्ये पुरा झाला, १८५२ मध्ये एका रेल्वे कंपनीनं तो विकत घेतला आणि पुढं व्हायचं तेच झालं. रेल्वेनं कालव्याची काळजी कशाला घ्यावी? दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे मोठे भाग गाळानं आणि गवतानं भरले होते. लोकांनी मग चळवळ केली, वर्गणी काढली, फावडी घेऊन गाळ उपसला. १९९० मध्ये राणीच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. आम्ही गेलो तेव्हा लॉकवर मदतीला निवृत्त माणसं होती, सगळी बिनपगारी.

मला दरवाजांचं कौतुक वाटलंच, पण हेवा वाटला तो काठाचा. पूर्वी होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली पायवाट कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत आहे. थोड्या थोड्या अंतरावर दोर बांधायला खुंट, पिण्याच्या पाण्याचा नळ, मध्येच स्वतःची छोटी होडी ट्रेलरवरून पाण्यात सोडायला काँक्रीटचा उतार. असाच एक उतार बघत उभा असताना एक जोडपं आलं, गाडी मागे घेतली, दहा मिनिटांत होडी पाण्यात सोडली आणि ट्रेलर झाडाखाली लावून निघूनही गेलं. आज हा कालवा, पुढच्या महिन्यात तो. एवढी सोपी गोष्ट मी पाण्याशी संबंधित कुठल्याच बाबतीत पाहिली नव्हती.

आपल्याकडे लॉक नाहीत असं नाही. हरिद्वारहून निघणाऱ्या, १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावर होड्यांसाठी लॉक बांधलेले होते. गोदावरीच्या मुखाशी आर्थर कॉटननं केलेले कालवे पाटाचेही होते आणि वाहतुकीचेही. आपल्या किनारपट्टीवर मुंबईच्या इंदिरा गोदीला लॉक आहे. १९१४ पासून जहाजं भरती-ओहोटीची वाट न पाहता त्यातून आत-बाहेर करतात. पण मुंबई सोडून खाली कोकणात कालवा खणण्याचं कोणाच्या मनात येणंच अवघड. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर. डिव्हायझेसच्या हिशेबानं कुंभार्ली घाटात होडी उतरवायची म्हटली, आणि उतार पाचशे मीटरचा धरला, तर दोनशे लॉक लागतील. आम्ही ते काम दुसऱ्या गिअरमध्ये करतो.

गंमत म्हणजे त्याच डोंगरातून पाणी मात्र खाली उतरतं. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाकडे, म्हणजे पूर्वेला जाणाऱ्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून वळवून पोफळीच्या वीजघरात पडतं आणि शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाण्याची मुभा दिली. आमच्या गावाचं पाणी आणि आमच्या गावाची होडी असे दोघंही सह्याद्री ओलांडून वाशिष्ठीत भेटतात याचा मला उगाचच अभिमान वाटतो. मेहुण्याला वाटत नाही. त्याचं घर पूररेषेत आहे.

खाडीत लॉकचं काम भरती करते. दिवसातून दोनदा ती होडीला उचलते आणि दोनदा खाली ठेवते. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, दाभोळला अडीच-तीन, मालवणकडे त्याहून कमी. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत याच्या निम्मंसुद्धा नाही. आता मोबाइलवर वेळा मिळतात, पण किनाऱ्यावरचा हिशेब अजून तिथीचाच. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, दिवस असो की रात्र, गणित तेच. हे ढोबळ आहे. दक्षिणेला भरती जरा लवकर येते, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी उशिरा. दाभोळला पाणी उतरायला लागलं तरी आत चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्याशी ते अजून चढत असतं. या उशिराचाच फायदा घ्यायचा असतो. भरतीच्या सुरुवातीला दाभोळहून निघालं तर पाणी आपल्याबरोबर आत चालतं आणि इंजिन निम्म्या पेट्रोलवर भागतं. उलट निघालात तर चिपी आणि कांदळाची तीच तीच झाडं तासभर शेजारी उभी दिसतात.

लॉकमध्ये दार आपल्या हातात असतं. इथं नसतं, आणि कोकणी माणसानं ते कधी मागितलंही नाही. त्यानं आपली वेळ पाण्याला जुळवून घेतली. फक्त जिथं शेत वाचवायचं होतं तिथं दार बसवलं. अलिबाग-पेणच्या बाजूला खाडीकाठच्या खारबंदिस्तीत उघाडी असते ती हीच. मातीच्या बांधातून पाण्याला वाट काढलेली, आणि त्या वाटेच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. भरतीचं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलतं आणि बाहेर पडतं. तिथं ना चौकीदार, ना दांडा. खाऱ्या जमिनीतलं मीठ पावसानं धुऊन जायला हवं आणि समुद्राचं पाणी आत यायला नको, तरच भात पिकतो. हे दोन्ही काम ती एक झडप करते. इंग्लंडातल्या त्या दारांची आणि हिची युक्ती एकच, पाण्याच्याच जोरावर पाणी अडवायचं. एका उघाडीजवळ ओहोटीच्या वेळी होडी धरून बसलो होतो. आधी फळीच्या खालच्या कडेतून पाण्याची नुसती रेघ आली, मग फळी वीतभर उचलली गेली आणि गढूळ पाण्याबरोबर बोटाएवढी कोळंबी बाहेर फेकली जाऊ लागली. समोरच्या बांधावर एक बाई आसूचं जाळं लावून हे होण्याचीच वाट बघत उभ्या होत्या. आम्ही त्यांच्या पाण्यात होतो, हे त्यांनी हातानंच सांगितलं. बाजूला झालो.

हे बांध पूर्वी गावकरी आपापसांत वाटून घेऊन सांभाळायचे. आता अनेक ठिकाणी खांड पडली की ती बुजवायची कोणी हा वाद सुरू होतो, आणि वाद मिटेपर्यंत शेतात तिवरं उगवलेली असतात. हाही काठाचाच प्रश्न.

खाड्या एकेकाळी कोकणचे रस्ते होते हे आपण सगळे शाळेत शिकलेलो आहोत, पण होडीतून गेल्यावर ते पटतं. दाभोळला आदिलशाही काळातली घुमटाची मशीद धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे बंदर जाळलं, तरीही ते पुन्हा उभं राहिलं. राजापूर समुद्रापासून कितीतरी आत, पण इंग्रजांची वखार तिथं होती, कारण गलबतं तिथपर्यंत जात होती. आज त्याच पात्रात पावसाळ्याबाहेर गुडघाभर पाणी. विजयदुर्गच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे; भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला त्याचं बूड कोरडं करायचं. म्हणजे कोकणात पाण्याचा चढ-उतार वापरून घेणारे कारागीर होते. पुढं आगबोटी आल्या, त्या गेल्या, रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. डोंगर उघडे पडले तसा गाळ वाढला. कारणं सगळ्यांना पाठ आहेत, मी पुन्हा सांगत नाही. एवढंच, की २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा कुठं वाशिष्ठीतला गाळ काढायची घाई झाली.

२०१६ च्या कायद्यानं देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी मिळून २८ व्या क्रमांकावर आहे, ४५ किलोमीटर. शास्त्री नदी आणि जयगडची खाडी ९१ व्या क्रमांकावर. रस्त्याला क्रमांक मिळाला की निदान पाटी लागते. या पाण्यावर मी खुंट शोधतो, तो नसतो. धक्के आहेत, पण ते मोठ्या बोटींच्या मापाचे. ओहोटीला चौदा फुटी होडीतून वर बघितलं तर धक्क्याचा काठ डोक्याच्याही वर असतो, आणि मध्ये कालवांच्या शिंपल्यांनी भरलेला, हात फाडणारा काँक्रीटचा खांब. काही ठिकाणी लोखंडी शिडी आहे, पण तिच्या खालच्या पायऱ्या गंजून गेलेल्या. म्हणजे पाणी आहे, वर गाव आहे, आणि मधलं दोन मीटरचं अंतर कोणाच्याच नकाशात नाही. एका धक्क्यावर आम्ही होडी लावायला परवानगी मागितली तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "कशासाठी?" फिरायला, म्हटल्यावर त्यांच्याकडे त्याचा रकाना नव्हता.

मग उतरवायची कुठं? तांडेलानं उत्तरही दिलं होतं: "जंगल जेटीवर." गाड्या घेऊन खाडी ओलांडणारी फेरीबोट इथं सगळे या नावानंच ओळखतात. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मागोमाग तवसाळ-जयगड, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी अशा फेऱ्या आल्या. फेरीबोटीला गाड्या चढवायच्या तर काठाला उतार लागतोच, भरतीलाही आणि ओहोटीलाही पाण्यात पोचणारा. आम्हाला नेमकं तेवढंच हवं असतं. बोट पलीकडे गेली आणि परत यायला अवकाश असला की त्या वेळात काम उरकायचं. अर्थात आधी तिथल्या पोरांना विचारून. ती पोरं हुशार आहेत. पाणी कुठं आहे, शेवाळ कुठं आहे, चाक कुठं घसरेल हे त्यांना पायाला माहीत असतं.

घाट उतरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालत नाहीत. चाकांच्या बेअरिंगा तापलेल्या असतात. तशाच बुडवल्या तर आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि खारं पाणी ओढलं जातं. मग पुढच्या खेपेला बेअरिंग कुठल्यातरी वळणावर बसते. म्हणून हब हाताला गार लागेपर्यंत चहा. मग इंजिनाचा आधार काढायचा, बुडातलं भोक बुचानं बंद आहे ना ते दोघांनी वेगवेगळं बघायचं, मागचा पट्टा सोडायचा, पुढचा ठेवायचा. गाडी मागे. मेहुणा गुडघाभर पाण्यात, हातात दोर. ट्रेलरचे रूळ पाण्याखाली गेले की होडीचा मागचा भाग अगदी थोडासा उचलला जातो, आणि इतका वेळ ओझं असलेली ती वस्तू दोन बोटांनी हलायला लागते. मेहुणा तेव्हा न चुकता म्हणतो, "आली जिवात." परतल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं, नटबोल्टसुद्धा. त्यात आळस केलेला ट्रेलर लवकरच भंगारवाल्याकडे जातो.

खाडीतून बाहेर समुद्रात आम्ही जात नाही. तोंडाशी वाळूचा दांडा असतो, त्यावर लाटा फुटतात, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात ओहोटीचं पाणी बाहेर पडत असेल तर भल्याभल्या मचव्यांना तिथं घाम फुटतो. पण ट्रेलर असल्यानं जायची गरजही नाही. दाभोळची खाडी झाली की धोपाव्याला होडी बाहेर काढायची, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ गाठायचं आणि जयगडच्या खाडीत पुन्हा सोडायची. मधल्या समुद्राला लागणारी हिंमत आमच्याकडे नाही, पण डिझेल आहे. रस्त्यात हेदवीला मेहुण्याचा मावसभाऊ आहे. त्याच्याकडे जेवण चुकवायला परवानगी नाही, त्यामुळे दुपारची भरती बहुधा हुकते.

वाशिष्ठीत आत मगरी आहेत. थंडीत ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि त्या बघायला बोटी भरून पर्यटक येतात. इंजिन बंद करून लांबून बघितलं तर त्या हलत नाहीत. आपण जवळ जायला लागलो की मात्र चिखलावरून सरळ पाण्यात घसरतात, आणि मग त्या कुठं आहेत हे आपल्याला माहीत नसतं. तिथं वल्ह्यानं पाणी मारायचं, हातानं नाही. मेहुण्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, एवढ्यासाठी या होडीत पाय ठेवलेला नाही.

दर खाडीला एक उतार, सहा मीटर रुंद, फार चढा नसलेला, खालचं टोक उधाणाच्या ओहोटीतही पाण्यात राहील एवढा लांब, आणि शेजारी दोन खुंट. मागणं एवढंच. धक्क्याच्या खर्चात असे किती होतील कोण जाणे, पण त्यांचा उपयोग आमच्यासारख्या हौशी लोकांपेक्षा गावातल्या डोलीनं आणि फेकजाळ्यानं मासे धरणाऱ्यांना जास्त होईल. ते आज होड्या चिखलातून चौघं मिळून ओढतात. गेल्या थंडीत एका गावच्या सरपंचबाईंना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सदस्यांना बोलावलं, आणि सगळे मिळून काठावर जाऊन जागाही बघून आले. एका म्हाताऱ्यानं काठीनं चिखलात रेघ ओढून दाखवली, इथवर पूर्वी दगडी फरसबंदी होती. खोदलं तर वीतभर खाली दगड लागलेही. आता ग्रामसभेत ठराव व्हायचा आहे.

यंदा बाणकोटच्या खाडीचा बेत आहे. वेसवीला उतार आहे, बागमांडल्यालाही आहे. तिथून सावित्रीनं महाडच्या दिशेला आत जायचं. पौर्णिमेच्या आसपास जायचं ठरलंय, म्हणजे पाणी भरपूर मिळेल. मगरी महाडलाही आहेत, हे बहिणीला अजून सांगितलेलं नाही.